आत्यांच्या अंदाजाची वही : प्रकल्प नोंदी

रविवार, ३ नोव्हेंबर २०२४ (भाऊबीज)

लेक उद्या सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला परत जाणार. तिच्या पिशवीत शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि चिवडा भरत होते. ती म्हणाली, "आई, हे आठ दिवसांत संपतं. मग मी फोन करून विचारते किती घालू, आणि तू म्हणतेस अंदाजाने घाल. मला अंदाजच नाही, तर अंदाजाने काय घालू?"

खरं आहे तिचं. नोकरी लागून तिला चार महिने झाले आणि एवढ्यात मी तिला हेच उत्तर कितीदा दिलं असेल! मला तरी कुठं कुणी मापं सांगितली होती? सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. त्यांच्या शेजारी ओट्यापाशी चोवीस वर्षं उभी राहिले, तेव्हा कुठं हात बसला. लेकीला तेवढी वर्षं माझ्या शेजारी उभं राहायला मिळणार नाहीत.

म्हणून आज ठरवलं, आत्यांचा हात वजनात उतरवायचा. बारा पदार्थ. आठ रोजच्या जेवणातले, चार पाहुणे आले तर करायचे. मुदत संक्रांतीपर्यंत. अट एकच, तिच्या खोलीवर जे आहे त्यात जमलं पाहिजे. दोन शेगड्या, मिक्सर, तवा, कढई, तीन लिटरचा कुकर. उखळ नाही, पाटा-वरवंटा नाही.

आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "मोजून कुठं चव येतीय का गं? पण पोरीसाठी म्हणतीस तर मोज."

शनिवार, ९ नोव्हेंबर

पहिला पदार्थ भाकरी. सोलापूरच्या मुलीला भाकरी येत नसेल तर बाकीच्या अकरा पदार्थांचं करायचं काय?

स्वयंपाकघराचा वजनकाटा आणला. आत्यांना म्हटलं, तुम्ही नेहमीसारखं पीठ घ्या, परातीत टाकायच्या आधी फक्त या ताटलीत ठेवा. पाच भाकऱ्यांचं पीठ मोजलं. ८३, ८५, ८२, ८४, ८५ ग्रॅम. मी आकडे बघून गप्पच झाले. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाई, डोळ्यांत मोतीबिंदू, आणि मुठीत तीन ग्रॅमचा फरक! ज्याला आपण अंदाज म्हणतो ते हाताचं मापच आहे. फक्त ते कुणी कधी वाचलेलं नाही.

पाणी उकळतं. दर भाकरीला अर्ध्या वाटीपेक्षा थोडं जास्त, आधी उलथन्याच्या टोकाने कालवायचं, हाताला सोसेल इतकं झालं की तळव्याने रगडायचं. रगडणं तीन मिनिटं चाललं, घड्याळ लावून पाहिलं. मी दीड मिनिटात थांबते आणि म्हणूनच माझ्या भाकरीच्या कडा चिरतात. हे आज कळलं, इतक्या वर्षांनी.

रविवार, १० नोव्हेंबर

कालचे सगळे आकडे रद्द.

सकाळी साखरेची एक किलोची न फोडलेली पिशवी सहज काट्यावर ठेवली तर ९१० दाखवलं. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून २०० ग्रॅमचं लोखंडी माप मागून आणलं. काट्यावर १८२. तासभर मी त्या काट्याला बोल लावत होते. मग धाकट्या मुलाने काटा उचलून बघितला. खाली मी घडी करून फडकं घातलं होतं, ओटा ओला म्हणून. काट्याचं बूड फडक्याला टेकत होतं, त्यामुळे सगळा भार पायांवर येत नव्हता. कोरड्या, सपाट फरशीवर ठेवलं तर बरोबर २००.

आत्यांकडून पुन्हा पाच मुठी घेतल्या. ९२, ९३, ९१, ९३, ९२. वहीत लिहिलं: एका भाकरीला ९२ ग्रॅम पीठ. पहिल्या पानावर, सगळ्यांच्या वर: काटा सपाट कोरड्या जागी ठेव, खाली काही घालू नकोस, आणि महिन्यातून एकदा माहितीच्या वजनाची वस्तू ठेवून तपास.

शनिवार, १६ नोव्हेंबर

शेंगाची चटणी. आज सबंध दिवस याच्यावर गेला आणि जावाच. परगावची माणसं आपल्या गावाची आठवण काढतात ती चादरीने नाहीतर या चटणीने.

आत्या लोखंडी उखळीत कुटतात. भाजलेले दाणे, लसूण, तिखट, जिरं, मीठ, बस्स. पाण्याचा थेंब नाही, वरून तेल नाही. तरी चटणी ओलसर, तेलकट, गडद तांबडी होते. तेल येतं दाण्यातून. शेंगदाण्यात जवळजवळ निम्मं तेलच असतं आणि मुसळाच्या ठोक्याने दाणा चिरडला की ते बाहेर पडतं. मिक्सरचं पातं दाणा चिरडत नाही, कापतं. त्यामुळे एक तर कोरडं कूट होतं, नाहीतर थोडं जास्त फिरलं की लगदा.

चार वेळा करून पाहिली.

पहिली: सगळं एकत्र घालून सलग वीस सेकंद फिरवलं. भांड्याच्या तळाशी मऊ लगदा आणि वर अख्खा लसूण. पोळीला लावून धाकट्याने आवडीने खाल्लं, पण ती चटणी नव्हे.

दुसरी: दाणे पूर्ण गार करून, थांबत थांबत बारा झटके. दिसायला छान. चमच्यातून वाळूसारखी सांडली. आत्यांनी चिमूटभर तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "उपासाला चालंल, लसूण काढून."

तिसरी: दाणे जास्त भाजले गेले. फोन आला आणि कढई गॅसवर राहिली, दोनच मिनिटं. वरून रंग बरा वाटत होता, म्हणून तशीच पुढे केली. कडू. पाव किलो दाणे वाया गेले. करपलेला दाणा लसणाने झाकत नाही, तिखटाने तर मुळीच नाही.

चौथी जमली. आधी लसूण, मीठ, जिरं आणि तिखट यांचा जाडसर ठेचा मिक्सरमध्ये करून घेतला. दाणे मंद आचेवर अठरा मिनिटं भाजले, फोलपटं चोळून निम्मी पाखडली, निम्मी राहू दिली. दाणे कोमट असतानाच दोन भागांत टाकले. एकेक सेकंदाचा झटका, प्रत्येक झटक्यानंतर भांडं हलवायचं. आठ झटक्यांनी थांबले. मग सगळं जाड बुडाच्या पातेल्यात काढून स्टीलच्या पेल्याच्या बुडाने दहा मिनिटं दाबत, रगडत राहिले. सहाव्या-सातव्या मिनिटाला रंग बदलायला लागला. फिकट विटकरी होती ती गडद झाली, पेल्याच्या बुडाला तेलाची चमक आली आणि लसणाचा वास एकदम वर आला.

आत्यांनी मूठभर घेऊन आवळली, मूठ उघडली. गोळ्यावर चारी बोटं उमटली होती. अंगठ्याने दाबल्यावर गोळा फुटला. म्हणाल्या, "ही झाली."

वहीत: दाणे २५० ग्रॅम, सोललेला लसूण ३० ग्रॅम, तिखट १८, मीठ ८, जिरं ३. आणि खाली वेगळ्या रंगाने लिहिलं: मुठीत बोटं उमटली पाहिजेत, अंगठ्याने फुटली पाहिजे.

हे लिहिताना लक्षात आलं की नुसतं वजन लिहून ही वही पुरी होणार नाही. अठरा मिनिटं माझ्या गॅसवर, माझ्या कढईत. तिच्या शेगडीची आच वेगळी. वजनाच्या शेजारी आणखी एक रकाना पाहिजे. त्याला नाव दिलं 'खूण'. कान, नाक, डोळा, बोट यांना काय कळतं ते त्यात. भाकरीचं पानही त्यासाठी पुन्हा लिहायचं.

बुधवार, २० नोव्हेंबर (मतदानाची सुट्टी)

मतदान करून दहाला घरी. दोन सोपे पदार्थ उरकले.

सुशीला, म्हणजे फोडणीचे भिजवलेले चुरमुरे. आत्या याला सुसला म्हणतात, त्यांचं माहेर अक्कलकोटकडचं, घरात कानडी. सकाळी दहा मिनिटांत होणारं याच्यासारखं दुसरं काही नाही. दोघींना १०० ग्रॅम चुरमुरे. घोळ एकाच ठिकाणी होतो, भिजवताना. चुरमुरे पाण्यात टाकले, हाताने बुडवले, तीन आकडे मोजले आणि लगेच चाळणीत. दोन्ही तळव्यांत हलके दाबून पाणी काढलं. पाच आकडे मोजले की गिच्च गोळा, हेही मुद्दाम करून पाहिलं. फोडणीत मोहरी, कढीपत्ता, तीन हिरव्या मिरच्या, मूठभर दाणे, एक कांदा, हळद. वरून डाळ्याची पूड तीन चमचे, ती उरलेलं पाणी ओढून घेते. लिंबू, कोथिंबीर, झाकण नाही. झाकण ठेवलं की वाफेने पुन्हा चिकट होतात. खूण: चमचा फिरवल्यावर चुरमुरे सुटे पडले पाहिजेत.

पिठलं. दोघींना ६० ग्रॅम बेसन, ४०० मिली पाणी. बेसन आधी गार पाण्यात कालवून घे म्हणजे गुठळ्या होणार नाहीत. खूण आवाजाची. सुरुवातीला बुडबुडे भराभर, हलके फुटतात. शिजत आलं की तेच जड होऊन सावकाश, पक्... पक्... असे फुटतात. तेव्हा गॅस बारीक आणि झाकण ठेवून पाच मिनिटं. कच्च्या बेसनाचा वास गेला की उतरव.

शनिवार, ३० नोव्हेंबर

पुण्याहून पहिला अहवाल. चटणी जमली, सुशीला जमला, भाकरी नाही. फोटो पाठवला, थापतानाच चार तुकडे.

व्हिडिओ कॉलवर आत्यांना दाखवलं. पीठ बघूनच त्या म्हणाल्या, "विरी गेलीय त्याची. कवाचं दळण हाय?" पिशवीवर तारीख होती, अडीच महिन्यांपूर्वीची. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, म्हणजे धरून राहण्याचा गुण जातो. गव्हात ग्लुटेन असतं म्हणून कणीक ताणली जाते. ज्वारीत ते नाही. उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो, त्याच्यावरच भाकरी उभी असते.

उपाय दोन. ज्वारी इथून द्यायची आणि तिने तिथल्या गिरणीतून दहा-बारा दिवसांपुरतीच दळून आणायची. आणि जुनंच पीठ हाताशी असेल तर उकड काढायची. पाणी उकळून त्यातच पीठ टाकायचं, गॅस बंद, झाकण, दहा मिनिटांनी मळायचं. आत्यांना उकडीची भाकरी मान्य नाही, पण नातीसाठी मान्य केली.

ज्वारी मालदांडी पाच किलो, मंगळवेढ्याची. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. काळ्या जमिनीत पावसाळ्याअखेर पेरलेली, पुढे जमिनीतल्या ओलीवर वाढलेली ती ज्वारी. भाकरी पांढरी, गोडसर, दुसऱ्या दिवशीही मऊ.

भाकरीच्या पानावर खुणेच्या रकान्यात भर: तव्यावर टाकल्यावर वरून पाणी फिरवतो ना, ते पूर्ण वाळायची वाट बघू नकोस. ओली चकाकी गेली, अजून दमट आहे, तेव्हाच उलट. वाळल्यावर उलटलीस तर भेगा पडतात आणि मग फुगत नाही.

शनिवार, ७ डिसेंबर

आज नळाला पाणी, त्यामुळे सकाळ भरण्यात गेली. चकोल्या तेवढ्या मोजून झाल्या. तुरीचं आंबट-गोड वरण, त्यात कणकेचे चौकोन, वर तूप. एका कुकरात जेवण. पान पूर्ण.

दुपारी शहराच्या पूर्व भागातल्या अक्का आल्या. त्यांचं घराणं दोन-तीन पिढ्यांपूर्वी तेलंगणातून मागाच्या कामासाठी इथं आलेलं, घरात तेलुगू, बाहेर आमच्यापेक्षा चांगलं मराठी. वही बघून म्हणाल्या, "आमची पुंटीकूर नाही यात?" पुंटीकूर म्हणजे अंबाडीची भाजी. आत्या अंबाडीत ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालतात, वरून लसणाची चरचरीत फोडणी. अक्का पाला तेलात परतून, हिरवी मिरची आणि लसूण घालून ठेच्यासारखी घट्ट करतात. दोन्ही लिहिल्या, समोरासमोरच्या पानांवर. बाराचे तेरा झाले. असू दे.

रविवार, १५ डिसेंबर

पाहुण्यांच्या पदार्थांतला पहिला, बाजार आमटी. दीर, जाऊबाई, त्यांची मुलं, नणंद, मिळून अकरा माणसं जेवायला बोलावली ती मुद्दाम वहीसाठी.

करमाळा, टेंभुर्णी, बार्शी या बाजूची ही आमटी. आठवडी बाजाराला आलेल्या माणसांची म्हणून बाजार आमटी, असं आत्या सांगतात. चार-पाच डाळी एकत्र, झणझणीत, पातळ, वर लाल तर्री. त्यात भाकरी कुस्करायची, कांदा फोडून घ्यायचा.

अकरा माणसांना डाळी अर्धा किलो: तूर २००, हरभरा १५०, मसूर १००, मूग ५०. हरभऱ्याची डाळ दोन तास आधी भिजवायची, नाहीतर बाकीच्या विरघळतात आणि ती दाताखाली येते. तीन लिटरच्या कुकरात एवढी डाळ एका वेळी शिजवायला जाऊ नये, निम्मी निम्मी. वाटणाला चार मोठे कांदे आणि १०० ग्रॅम सुकं खोबरं, दोन्ही खरपूस भाजून, दोन गड्डे लसूण, दोन इंच आलं, दोन चमचे तीळ, मूठभर कोथिंबीर. काळं तिखट सहा चमचे. तेल १५० मिली. लेक म्हणेल एवढं तेल? तर्री हवी असेल तर एवढं.

महत्त्वाचा भाग वाटण परतण्याचा आहे. मी चमचा धरला होता, आत्या शेजारी खुर्चीवर. वाटण आधी सगळं तेल पिऊन टाकतं, कोरडं दिसतं, बुडाला धरायला लागतं. इथं घाबरून माणूस पाणी घालतो. आत्यांनी माझा हात धरला, "थांब." आच बारीक करून हलवत राहिले. अकरा मिनिटांनी कडेला लहान लहान थेंब दिसले, मग ते थेंब एकमेकांना मिळाले आणि वाटणाभोवती तेलाचं लाल कडं आलं. वाटण कढईला न चिकटता एका गोळ्यात सरकायला लागलं. तेव्हा काळं तिखट, अर्धा मिनिट, आणि लगेच कढत पाणी. गार पाणी कधीच नाही, गार पाण्याने तर्री बसते. घोटलेली डाळ घालून एकूण साडेचार लिटर भरेल इतकं पाणी, मग पंचवीस मिनिटं मंद उकळी. पळीतून सोडल्यावर धार धरली पाहिजे, दाट वाटली तर ती आमटी नाही.

एक गोष्ट मी आग्रहाने लिहिली आहे, मोठ्या अक्षरात. पाहुणे आले की घरच्या बाईने त्यांच्याबरोबर पंगतीत बसायचं. मी कितीतरी वर्षं पाहुण्यांना गरम भाकरी वाढत शेगडीपाशी उभी राहिले आणि शेवटी गार जेवले. लेकीने हे करू नये. त्यासाठी वाटण आदल्या रात्री भाजून, वाटून फ्रिजमध्ये. डाळी सकाळी शिजवून. आणि भाकरी कडक, इथून नेलेली. पातळ थापलेली, मंद आचेवर फडक्याने दाबत दाबत पापडासारखी वाळवलेली भाकरी कोरड्या डब्यात कितीतरी दिवस टिकते आणि आमटीत मऊ भाकरीपेक्षा सरस लागते, कारण कुस्करली तरी लगदा होत नाही. भात लावला की संपलं. आज मी तसंच केलं. अकरा जणांत मीही बसले.

सोमवार, ३० डिसेंबर (येळवस)

वेळ अमावस्या, शेतात पूजा करून तिथंच जेवायचा सण. दक्षिण सोलापूरला चुलत सासऱ्यांच्या शेतात गेलो. ज्वारी कमरेच्या वर आली आहे. कडब्याची कोप म्हणजे खोपटं, आत पांडवांची पूजा, आंबिलाचं मडकं.

भज्जी मोजायचा विचार होता. ओले तुरीचे दाणे, हरभरा, वाटाणा, घेवडा, चुका, मेथी, पातीचा कांदा, ताकात कालवलेलं बेसन. पन्नास माणसांचं पातेलं, चुलीवर. काटा पिशवीतून काढलाच नाही. भज्जी वहीत नाही. ती वर्षातून एकदा शेतात खायची, बाजरीच्या उंड्याबरोबर. लेकीला पुढच्या वर्षी येळवसला रजा काढून यायला सांगितलं आहे.

रविवार, १२ जानेवारी २०२५

शेंगा पोळी. उद्या भोगी, परवा संक्रांत. सिद्धेश्वरांच्या यात्रेची गावात गडबड, होम मैदानावर गड्डा, म्हणजे यात्रेची जत्रा भरतोय, त्यामुळे चारला बाहेर पडायच्या आत पोळ्या उरकायच्या होत्या.

सारण: भाजलेल्या दाण्याचं कूट २५० ग्रॅम, किसलेला गूळ २०० ग्रॅम, वेलदोडा, चमचाभर भाजलेल्या तिळाची पूड. मिक्सरमध्ये दोन झटके एकत्र फिरवलं की दाण्याच्या तेलाने गूळ मऊ होतो. आवरणाला कणीक आणि मैदा निम्मा निम्मा, कडकडीत तेलाचं मोहन, घट्ट भिजवून अर्धा तास झाकून.

पहिल्या तीन फुटल्या. गूळ तव्यावर गळला, धूर झाला. कारण सारणात गुळाचा एक हरभऱ्याएवढा खडा राहिला होता. तव्यावर तो वितळतो आणि जिथं पोळी पातळ तिथून बाहेर येतो. सारण चाळणीवर चोळून घेतलं, नंतर एकही फुटली नाही. आवरणाची गोळी ३० ग्रॅम, सारण ३५. सारण जास्त आहे हे बरोबर आहे, उलटं करू नये. लाटताना सारण काठापर्यंत गेलं पाहिजे. खूण: पोळी उजेडात धरली की सगळीकडे सारखी तांबूस दिसते, पांढरा काठ दिसला तर सारण पोचलं नाही. गार झाल्यावर खुसखुशीत होते, म्हणून गरम असताना एकावर एक रचू नये.

या पोळ्या पंधरा दिवस राहतात. पाहुण्यांना जेवणानंतर गोड म्हणून आधीच करून ठेवायला यासारखं काही नाही, वर तुपाची धार पुरे. अक्कांनी संध्याकाळी सकिनालू पाठवले. तांदळाच्या पिठाची, तीळ-ओव्याची, हाताने वळलेली कडी, तळलेली. आमच्या पोळ्या तिकडे गेल्या.

रविवार, २६ जानेवारी

लेक तीन मैत्रिणींना घेऊन आली, हुरड्यासाठी. शेतात आगटीत भाजलेली कणसं, हातावर चोळून काढलेले गरम दाणे, दही, गूळ आणि अर्थात चटणी. त्यातली एक मुलगी नागपूरची. तिने चटणी नुसतीच चमच्याने खाल्ली आणि मग पाण्याचा तांब्या संपवला.

रात्री वही दिली. तेरा पदार्थ, पंचेचाळीस पानं. प्रत्येक पानावर डावीकडे वजन, उजवीकडे खूण. भरल्या वांग्यांचं पान आत्यांनी दोनदा बदलायला लावलं, मीठ सारणात किती आणि रश्श्यात किती यावरून. हुलग्याचं माडगं, म्हणजे भाजलेल्या हुलग्यांच्या पिठाचं पातळ कढण, अजून झालेलं नाही, पान कोरं ठेवलं आहे. मुदत टळली, पण घाईने खोटं लिहिण्यापेक्षा कोरं बरं.

रविवार, ९ फेब्रुवारी

काल पुण्यात तिने नऊ जणांना बाजार आमटी जेवायला घातली. मला आधी कळवलंच नाही. आज सकाळी फोन.

डाळी नऊ जणांच्या हिशोबाने कमी केल्या, ते बरोबर केलं. तेल मात्र निम्म्यावर आणलं, तर्री आली नाही. पाणी माझ्या मापाने ओतलं आणि आमटी फार पातळ झाली, कारण तिची डाळ माझ्याइतकी घोटली गेली नव्हती. "मग?" मी विचारलं. "मग वही बघितली. धार धरली पाहिजे, असं लिहिलंयस. धरत नव्हती. मी थोडी डाळ काढून मिक्सरमधून फिरवून परत घातली आणि उकळत ठेवली, धार येईपर्यंत."

डाळ काढून फिरवायचं वहीत नाही. मी लिहिलेलं नाही, आत्यांनी सांगितलेलं नाही. वहीत तिच्या नावाने ते लिहायला सांगितलं, आमटीच्या पानावर, खुणेच्या रकान्यात.

तिने सकाळच्या भाकरीचाही फोटो पाठवला. पीठ आधी न मोजता मुठीने घेतलं आणि नंतर काट्यावर ठेवलं. ९७ ग्रॅम. आत्यांना फोटो मोठा करून दाखवला. काठ नीट निरखून म्हणाल्या, "पाच ग्राम जास्ती घेतीय. पण रगडायलीय चांगलं. काठ बघ की, एक चीर नाही." मग फोन माझ्या हातात देऊन, "माडग्याला हुलगे भाजायला टाक. उद्या ते मोजू."